डोनलचा खांदा

एनिस,
१८ ऑक्टोबर २०२०

चि. उल्कास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मागे मेंढीचं चित्र आणि पुढे एवढासा मजकूर, त्यातही निम्मा हवेबद्दल. डॉक्टरांचं अक्षर जगभर सारखंच असतं हे मान्य, पण तन्वीने ते वाचायला घेतलं आणि तिच्या त्या क्लेअर जिल्ह्याच्या आयरिश इंग्रजीत मला विचारलं की आत्या मराठी लिहितेय की औषधाची चिठ्ठी. तरी लिहीत राहा. फोनवर बोलायचं म्हटलं की नागपूरहून आई कॉलमध्ये शिरते आणि मग तुझं वजन, माझं बीपी आणि तन्वीचं मराठी यापलीकडे गाडी जात नाही. पत्रात निदान आपल्या बॅजर्स संघाबद्दल बोलता येतं.

यंदाचा सीझन गेला तो गेलाच. सामना नाही, सराव नाही, मैदानाच्या फाटकाला साखळी. आता पुढच्या सीझनची चर्चा, तीही स्क्रीनवर. मी दिवसभर ऑफिसचं काम त्याच खुर्चीत करतो आणि संध्याकाळी क्लबची मीटिंगही त्याच खुर्चीत. पाठ धरली आहे. रोहिणी म्हणते, अमेरिकन फुटबॉल न खेळता जायबंदी झालेला तू पहिलाच.

वाद तोच आहे, डोनलचा. आईने परवा विचारलं की हा कसला फुटबॉल ज्यात पायच लागत नाही. मी सांगितलं की एक माणूस चेंडू फेकायला उभा राहतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि समोरचे धटिंगण त्याला आडवा करायला धावून येतात. ती म्हणाली, त्या माणसाला घरचं कोणी नाही का. तर आपला हा माणूस आता छत्तीस वर्षांचा झाला. उजवा खांदा एकदा निखळलेला, बरगड्या एकदा गेलेल्या. टुरिस्ट येत नाहीत म्हणून त्याची कोच बस बंद आहे, कुठलीतरी मालाची लॉरी चालवतो म्हणे. पण अजून एक सीझन मागतोय. क्लब त्याने उभा केला, पहिला चेंडू त्याने फेकला आणि अंतिम सामन्यात एकदाही उतरला नाही. एकदाच, म्हणतो, मग बूट खुंटीला.

निवड तिघांच्या हातात: कोच कॉनर, सेक्रेटरी मॉइरा आणि मी. कॉनरला नवा माणूस हवा आहे. तू एनिसला होतीस तेव्हा मैदानाच्या कडेला उभी राहून डोनलला काचेची बरणी म्हणायचीस. आता सांग, बरणी टिकेल का?

जेवत जा. लोभ तुझ्याकडे आहेच, त्यातला थोडा या पत्त्यावर येऊ दे.

तुझा,
दादा

स्लायगो,
८ नोव्हेंबर २०२०

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र प्रेसमध्ये चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं, आज रविवार मिळाला म्हणून लिहिते. (प्रेस म्हणजे कपाट, हे मी आता वहिनीसमोरही म्हणते आणि ती हसते.)

बरणी ती बरणीच. तुझा हा डोनल चेंडू हातात आला की प्रदर्शन पाहायला आल्यासारखा उभा राहतो. अरे, फेक! समोरून बैल येतोय, फेक! मी साइडलाइनवरून किती ओरडले असेन. त्याला वाटायचं ही भारतातली बाई कौतुक करते आहे, तो हात हलवायचा आणि तेवढ्यात खाली. पण एक सांगते, नुसता क्वार्टरबॅक बदलून काही होणार नाही. तुमचे पुढचे गडी बघ. एक डेअरीवाला, गुडघा दुखतो म्हणून अर्धा सामना बसलेला. एक तुझ्या ऑफिसातला, ज्याला कोणाला धक्का मारला की सॉरी म्हणायची सवय. असल्या भिंतीमागे कोणीही उभा केला तरी बरणीच होणार. सही करून घ्यायचीच तर दोन दणकट माणसांची घ्या, जी त्याच्यापुढे उभी राहतील. नवा पोरगा आणलात तर वर्षभरात त्याचाही खांदा माझ्याकडे येईल.

हे सगळं उंटावरून शेळ्या हाकणं आहे, कबूल. पण त्यासाठीच तर माणूस फॅन होतो. आपल्या हातात काही नसताना मत असण्याचं सुख.

इथे आमची ठरवलेली ऑपरेशन्स पुन्हा बंद होतील असं दिसतंय. गेल्या महिन्यात एका आजोबांचा खुबा बदलला, मायकल त्यांचं नाव. नाताळला नाचणार म्हणून मला सांगून गेले. मी म्हटलं, हळू नाचा. हाडांच्या डॉक्टरांना आता कोविडच्या वॉर्डात पाठवताहेत. मी काय करणार तिथे, पण हात कमी पडतात म्हणून जायचं.

मी जेवते. आईला सांग वजन वाढलंय, ते खरंही आहे. तिची माया आहेच, तुझी असू दे, आणि वहिनीच्या चकल्या पोस्टाने पाठवता आल्या तर त्याही.

तुझी,
उल्का

एनिस,
२० डिसेंबर २०२०

चि. उल्कास,
आशीर्वाद.

चकल्या पाठवल्या आहेत, पोचतील तेव्हा चुरा झाला असेल, भेळ समजून खा.

आता बातमी. कॉनरने माणूस शोधला. ब्रेडन नाव, लिमरिकला शिकायला आलेला अमेरिकन पोरगा, तिकडे कॉलेजात खेळलेला. व्हिडिओ पाहिले. हात चांगला आहे, पळतोही, आणि तेवीस वर्षांचं शरीर. मॉइरा मात्र ठाम आहे की डोनलला एक सीझन मिळालाच पाहिजे, नाहीतर क्लब कशाला म्हणायचं. म्हणजे एक मत इकडे, एक तिकडे आणि मधे तुझा दादा. मीटिंग मार्चमध्ये.

खरं सांगतो, माझं मन डोनलकडे आहे. मी या गावात नवा होतो तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्याने मला विचारलं होतं की शनिवारी काय करतोस. काही नाही म्हटलं, तर सामने टिपायला कॅमेरा हातात दिला. तेव्हापासून शनिवारचा प्रश्न सुटला. पण खांदा टिकणार नसेल तर संघाचं काय? त्याला विचारलं तर ग्रँड म्हणतो. इथे पाय मोडलेला माणूसही ग्रँडच म्हणतो.

तुझं सविस्तर मत पाठव, हाडांच्या अंगाने. तुझ्या पत्रावर मी मत देणार आहे असं समज.

वर्ष संपतंय, सुटलो एकदाचे. लोभात कंजुषी नको.

दादा

स्लायगो,
३१ जानेवारी २०२१

ती. दादास,
सा. न.

पत्राला उशीर झाला. चकल्या मिळाल्या. तन्वीचा वाढदिवस विसरले, तिला सॉरी सांग, मी काहीतरी पाठवीन.

फुटबॉलबद्दल काही सुचत नाही. डोनलबद्दल माझं काही मत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

इथे खूप काम आहे. बाकी ठीक. आईला माझं सगळं छान चाललंय एवढंच सांग.

लोभ असू दे.

उल्का

एनिस,
१४ फेब्रुवारी २०२१

चि. उल्कास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. डोनलबद्दल मत नाही? तुझं? मैदानाबाहेर तुला आवरायला माणूस ठेवावा लागायचा, आणि आता मत नाही!

बरं, एक गंमत ऐक. परवा लॉकडाउनने दिलेल्या पाच किलोमीटरच्या हद्दीत फेरी मारताना नदीकाठी डोनल भेटला. मधे अंतर ठेवून चाललो. बोलता बोलता तो म्हणाला की हरीश, तुझी बहीण दिसली होती, वर स्लायगोच्या हॉस्पिटलात. एवढं म्हणाला आणि जीभ चावल्यासारखा गप्प झाला. मी विचारलं, तू तिथे कशाला गेला होतास? म्हणाला, माल टाकायला. मी म्हटलं, माल टाकणाऱ्याला सध्या फाटकाच्या आत घेत नाहीत, मग डॉक्टर कुठे भेटली? तर लाल झाला, बदकांकडे बघायला लागला आणि म्हणाला की ती ग्रँड आहे. मग कुत्र्याला हाक मारून निघूनच गेला.

उल्का, मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी खुळा नाही. हाडांच्या डॉक्टरला माणूस कशासाठी भेटतो? इथे जवळ कुणाला दाखवलं तर गावभर होईल म्हणून तो तिकडे येऊन गेला ना? खांदा ना? सगळं सांगू नकोस. नुसतं हो किंवा नाही लिही. घरातल्या घरात.

मी काही बोलणार नाही कोणाला. तुझा लोभ आणि एक अक्षर, एवढंच मागतो.

दादा

स्लायगो,
२५ फेब्रुवारी २०२१

ती. दादास,
सा. न.

हॉस्पिटलात कोण आलं हे मी सांगू शकत नाही. कोण आलं नाही हेही सांगता येत नाही. तुला माहीत आहे, तरी विचारतोस. डोनलला काही विचारू नकोस. त्याला त्रास देऊ नकोस, एवढी एक विनंती.

माझं सगळं ग्रँड.

लोभ आहेच.

उल्का

एनिस,
२१ मार्च २०२१

चि. उल्कास,
आशीर्वाद.

झाली मीटिंग. ब्रेडनवर सही झाली. तिसरं मत माझं होतं आणि ते मी डोनलच्या विरोधात दिलं.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तू काही न सांगता बरंच सांगितलंस. त्याला त्रास देऊ नकोस, हे वाक्य वाचलं तेव्हाच मला कळलं. तू तुझा नियम पाळलास, मी माझी जबाबदारी पाळली. कमिटीत तुझ्या पत्राचं नाव काढलं नाही, डोनल नदीकाठी जे बोलला तेवढं सांगितलं. वर एवढंच म्हणालो की त्याचा खांदा गेला आहे असं समजायला माझ्याकडे आणखीही कारण आहे, ते मी सांगू शकत नाही. मॉइराने डोनलला कॉलवर घेतलं आणि सरळ विचारलं की मध्यंतरी तू स्लायगोच्या हॉस्पिटलात होतास का. हो म्हणाला. कशासाठी? माल टाकायला. मग हरीशच्या बहिणीला कुठे आणि कशाला भेटलास? यावर तो काहीच बोलला नाही. मॉइराने दोनदा विचारलं. खांद्यात काही नसतं तर माणूस तेवढं एक उत्तर देऊन मोकळा झाला असता, नाही का? मग त्याने हात वर करून दाखवला, हलवूनही दाखवला, पण तोवर कॉनर म्हणाला की जाऊ दे, डोनल, कोणालातरी कधीतरी थांबावं लागतं.

तो ठीक आहे म्हणाला आणि कॉल बंद केला. मॉइरा माझ्याशी बोलत नाही. एवढे महिने घासाघीस करून शेवटी कोणालाच बरं वाटलं नाही, असलं काहीतरी झालं. मी दमलो आहे. वाटतं, सीझन यंदाही न झाला तर बरं.

तरी तुझ्यामुळे संघ एका जायबंदी माणसावर अवलंबून राहण्यापासून वाचला. लोभ ठेव.

दादा

स्लायगो,
२७ मार्च २०२१

दादा,

नमस्कार वगैरे आज राहू दे.

सुतावरून स्वर्ग गाठतात, तू नरक गाठलास. डोनल माझ्याकडे खांदा दाखवायला कधीच आला नाही. आज नियम मोडून लिहिते आहे, कारण माझ्या नियमाआड मीच लपले होते. तो खरंच माल टाकायला आला होता. गाऊन आणि हातमोज्यांची खोकी घेऊन तो आठवड्यातून इथे येतो, मागच्या बाजूला, जिथे लॉऱ्या लागतात.

मायकल आजोबा जानेवारीत आमच्या कोविड वॉर्डात आले. मी बसवलेला खुबा अगदी छान होता. बाकी काही राहिलं नव्हतं. घरच्यांना आत सोडत नव्हते, म्हणून मी टॅब्लेट धरून उभी होते आणि त्यांची मुलगी पलीकडून त्यांना सांगत होती की नाताळला तुम्ही किती सुंदर नाचलात. ते गेले तेव्हाही मी टॅब्लेट धरलेलाच होता. मग मी मागच्या दाराने बाहेर आले, लॉऱ्यांच्या इथल्या कठड्यावर बसले आणि मला उठता येईना. रडत होते असं नाही. पाय माझे होते, पण उठत नव्हते. आत माझं नाव पुकारत होते, ऐकू येत होतं, तरी नाही.

डोनलने मला बॅजर्सच्या टोपीवरून ओळखलं. लांबच बसला. थर्मास मधल्या दगडावर ठेवून मागे सरकला. काय झालं विचारलं नाही. त्याने आजवर फेकलेले सगळ्यात वाईट चेंडू कोणते, ते एकेक करून सांगत बसला. एक बर्गर विकणाऱ्याच्या तव्यावर पडला होता, तो तुलाही माहीत असेल. मी हसले आणि मग उठले. जाताना मी त्याच्याकडून वचन घेतलं की दादाला सांगायचं नाही. दादाला कळलं की आईला कळेल, आणि आई तिकडे अन्न सोडेल. तो म्हणाला, नाही सांगणार.

आणि नाही सांगितलं. तुम्ही तिघं त्याला विचारत होतात की हरीशची बहीण कुठे भेटली, आणि त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की कठड्यावर बसली होती, उठता येत नव्हतं. एका वाक्यात त्याचा सीझन वाचला असता. तुझ्यासमोर, तुझ्या तोंडावर, त्याने ते वाक्य गिळलं.

आणि त्याचा खांदा? माझ्यासमोर तो ती खोकी डोक्यावरून उतरवत होता, उजव्या हाताने.

मला तुझा राग आला आहे, आणि माझाही. मी पत्रंच लिहीत राहिले, फोन टाळला, कारण आवाजावरून तू ओळखशील असं वाटायचं. उगीच घाबरले. माझी ती दोन पत्रं काढून पुन्हा वाच. तन्वीचा वाढदिवस मी कधी विसरले होते का? फुटबॉलवर मला काही सुचत नाही, असं मी जन्मात कधी म्हटलं होतं का? तुला त्यात डोनलचा खांदा दिसला, दादा. मी नाही दिसले.

इथे स्टाफसाठी एक बाई आहेत, त्यांच्याशी मी आता बोलते. झोप थोडी येते. आईला यातलं काही सांगू नकोस.

उल्का

एनिस,
५ मे २०२१

चि. उल्कास,
अनेक आशीर्वाद, आणि ते द्यायची माझी लायकी राहिली असेल तर.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फोन केला. तू उचललास, आणि आपण दोघं हवेबद्दल बोललो. स्लायगोला पाऊस, एनिसला पाऊस. त्यानंतरही दर रविवारी तेच. मला बोलता येईना आणि तू बोलायची नाहीस हे कळत होतं, म्हणून पुन्हा कागद घेतला.

आधी क्लबचं सांगतो, मग तो विषय संपला. मी कॉनर आणि मॉइराला सांगितलं की माझं कारण खोटं होतं आणि मी मत मागे घेतो. तुझं काहीही सांगितलं नाही. मॉइरा म्हणाली, हे मार्चमध्ये कळलं असतं तर. कॉनर पुन्हा मतं घ्यायला तयार झाला. पण डोनल नको म्हणाला. त्या पोराला एकदा हो म्हटलं आहे, त्याने आईला फोन करून सांगितलंसुद्धा असेल, आता फिरवू नका. तेव्हा ब्रेडनच खेळणार. अंतिम सामन्याचं डोनलचं जे काही होतं ते माझ्यापायी गेलं, आणि ते परत आणायला कुठलीही कमिटी नाही.

काल मी त्याच्या घरी गेलो. गॅलरीतून सामने पाहणारे आपण, उल्का, माणसाच्या अंगणात उभं राहायला किती जड जातं. तो दारातली लॉरी धूत होता, उजव्या हातात पाइप. मी वाटेत बरंच काही जुळवून गेलो होतो, माफी, तुझं पत्र आलं ते, सगळं. त्याने मला पुरतं बोलू दिलं नाही. पाइप बंद केला, हात पुसले आणि एवढंच विचारलं की उल्का आता कशी आहे.

सख्खा भाऊ मी, आणि तुझ्याबद्दल त्या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे पावसाशिवाय काही नव्हतं. त्याने पाइप पुन्हा सुरू केला.

सोमवारपासून काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्याची, हद्द ओलांडायची बंदी उठते आहे. मी सकाळीच निघतो आहे. आत बोलवायचं नसेल तर नको बोलवूस, मी बाहेर उभा राहीन. काही सांगायचं नसेल तर तेही नको. मला नुसतं बघायचं आहे तू कशी आहेस.

लोभ मागण्याचा आज मला हक्क नाही, माझा मात्र पुरता तुझ्याकडे आहे.

तुझा,
दादा